‘रिपोर्टमध्ये झालं असं टाक’ म्हणणाऱ्या साहेबांना काय उत्तर द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर आहात. सोमवारी ग्राहकाची नवी प्रणाली सुरू व्हायची आहे. लोड टेस्टिंग, म्हणजे एकाच वेळी खूप लोक वापरू लागले तर प्रणाली तग धरते का याची चाचणी, अर्धवट आहे, पेमेंटच्या भागाची झालेलीच नाही. पण मॅनेजर म्हणतात, ‘रिपोर्टमध्ये झालं असं टाक, तारीख मागच्या शुक्रवारची घाल, उरलेलं सुरू झाल्यावर बघू.’ शिवाय साहेब केबिनमध्ये असताना ‘बाहेर गेलेत’ सांगणं वगैरे रोजचं आहेच. कर्जाचे हप्ते चालू आहेत, नोकरी सोडणं परवडणारं नाही. तुमचा प्रश्न आहे की खोटं न बोलता इथे टिकता येईल का.

माझी बरीच वर्षं अंतर्गत ऑडिटमध्ये गेली आणि नंतरची प्रोजेक्ट चालवण्यात. खोटे रिपोर्ट शोधून काढणं आधी झालं, तसे रिपोर्ट ज्या दबावाखाली लिहिले जातात तो दबाव नंतर पाहिला. माझं उत्तर असं की बऱ्याचदा टिकता येतं, नेहमी नाही. धैर्य लागतंच, पण त्याहून जास्त पूर्वतयारी लागते. ऑफिसातलं खोटं फार क्वचित कुणाच्या दुष्टपणातून येतं. ग्राहकाला संध्याकाळपर्यंत काहीतरी कळवायचं असतं, खरं आणि पाठवण्याजोगं वाक्य कुणाकडे तयार नसतं, मग जे सर्वांत सोपं तेच लिहिलं जातं. ते खरं वाक्य आधी तयार करून साहेबांच्या टेबलावर ठेवणं, हे तुमचं काम. पुढचं जवळजवळ सगळं त्याबद्दलच आहे.

आधी किरकोळ गोष्टी बाजूला काढू. ‘साहेब बाहेर गेलेत’ ऐवजी ‘साहेब आत्ता बोलू शकणार नाहीत, चारनंतर फोन करायला सांगू का?’ म्हटलं की काम भागतं. साहेबांना फोन टाळायचा होता, तो टळला. यावर त्यांच्याशी चर्चा करत बसू नका. बहुतेकदा त्यांच्या लक्षातही येत नाही की तुम्ही शब्द बदललेत.

गुप्तता आणि खोटेपणा यांचीही गल्लत नको. दुसऱ्या ग्राहकाला काय दर लावला, कुणाचा पगार किती, कंपनी कोणाशी बोलणी करतेय, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘याबद्दल मी बोलू शकत नाही’ हे चोख प्रामाणिक वाक्य आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा समोरचा तुमच्या शब्दावर विसंबून काही ठरवायला निघालेला असतो. पुढच्या महिन्यात कपात होणार हे ठाऊक असलेला मॅनेजर ‘घराचं कर्ज काढू का?’ असं विचारणाऱ्या माणसाला ‘काढ की बिनधास्त’ म्हणतो, तेव्हा तो गुप्तता पाळत नसतो. ‘नोकरीबद्दलचा भरवसा मी कुणालाच देऊ शकत नाही, तो धरून हिशेब करू नकोस’ एवढं म्हणूनही गुप्तता पाळता आली असती.

त्यामुळे मी दोनच गोष्टी बघतो. हे वाक्य खरं धरून समोरचा काय करणार आहे? आणि हे नोंदीत जाणार आहे का? तुमचा रिपोर्ट दोन्हीकडे अडकतो. तो वाचून ग्राहक सोमवारी प्रणाली सुरू करणार आणि त्याच्या वापरकर्त्यांचे पैसे न तपासलेल्या पेमेंटमधून जाणार. तो कागद तुमच्या नावानिशी फाइलला लागणार, तुम्ही नोकरी बदलल्यावरही तिथेच असणार.

खोट्या तारखा ऑडिटमध्ये सापडतात कशा, हे एकदा सांगून टाकतो, कारण ‘कोण बघतंय’ हा मुद्दा हमखास पुढे येतो. शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये रविवारी नोंदवलेल्या बगचा, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीचा, क्रमांक असतो. सही करणारा त्या दिवशी रजेवर असतो. टेस्ट सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या दुपारी काहीच हालचाल नसते. फाइल कधी तयार झाली ते फाइलमध्येच असतं. तारीख बदलणारा एक जागा बदलतो, बाकीच्या जागा त्याला आठवतही नाहीत. आणि हे शोधायला कुणी हुशार माणूस लागत नाही. सोमवारी प्रणाली बसली आणि ग्राहकाने कागद मागवले, की नवशिक्यालाही अर्ध्या दिवसात दिसतं.

आता साहेबांकडे येऊ. ‘खोटं लिही’ असं कुणी म्हणत नाही. ‘मॅनेज कर’, ‘बघून घे’, ‘जरा पॉझिटिव्ह लिही’, ‘ग्राहकाला एवढ्या खोलात नको नेऊस’ असं म्हणतात. या धूसरपणाचा फायदा वरच्याला होतो, कारण उद्या प्रकरण अंगाशी आलं तर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायला तो मोकळा. म्हणून पहिलं काम हे की सांगितलेली गोष्ट साध्या शब्दांत त्यांच्याच समोर ठेवायची: ‘सर, नीट कळावं म्हणून विचारतो. पेमेंटचं लोड टेस्टिंग झालेलं नाही, तरी झालं असं लिहायचं का?’ आवाजात टोमणा नको, नाहीतर सगळं फसलं. समजून घेणाऱ्याचाच सूर हवा. हा प्रश्न ऐकून बरेच जण तिथल्या तिथे मागे येतात. ‘तसं नाही रे, म्हणजे जेवढं झालंय तेवढं लिही, पण घाबरवू नकोस.’ झालं, तुम्हाला हवी ती परवानगी मिळाली. काही जण चिडतात आणि ‘हो, तसंच लिही’ म्हणतात. निदान आपण कशाबद्दल बोलतोय हे आता दोघांनाही स्पष्ट असतं.

पण नुसता प्रश्न विचारून थांबलात तर साहेबांच्या हातात काही राहत नाही. त्यांना पाचपर्यंत ग्राहकाला मेल पाठवायचाच आहे. म्हणून मेल घेऊनच जा. तुमच्या प्रकरणात तो कसा असेल ते बघू. साहेबांना हवाय तो असा: ‘लोड टेस्टिंग पूर्ण झालं असून प्रणाली सोमवारसाठी सज्ज आहे.’ प्रामाणिक माणूस घाईत लिहितो तो असा: ‘वेळेअभावी टेस्टिंग पूर्ण होऊ शकलं नाही, क्षमस्व.’ हे खरं आहे, पण कुठलाही मॅनेजर हे जाऊ देणार नाही आणि त्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. यातून ग्राहकाला फक्त धास्ती मिळते, पुढे काय करायचं ते कळत नाही. मी असा लिहीन:

‘लॉगिन आणि शोध या दोन भागांचं लोड टेस्टिंग ठरलेल्या वापरकर्तासंख्येपर्यंत झालं आहे, निकाल सोबत जोडले आहेत. पेमेंटचं टेस्टिंग झालेलं नाही, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल. तोवर दोन पर्याय आहेत. सोमवारी पेमेंट वगळून सुरुवात करावी आणि गुरुवारी ते जोडावं. किंवा सोमवारी सगळं सुरू करावं, पण बुधवारपर्यंत वापरकर्त्यांची संख्या मर्यादित ठेवावी, त्या काळात आमचे दोन जण सतत लक्ष ठेवतील. आमची शिफारस पहिल्या पर्यायाची आहे. आपला निर्णय आज कळवल्यास त्याप्रमाणे तयारी करू.’

यात माफीचा सूर नाही आणि लपवाछपवीही नाही. काय झालं, काय राहिलं, कधी होईल, तोवर काय करता येईल, हे त्याच क्रमाने आलंय. ग्राहकही कुणाच्या तरी हाताखाली असतो, त्यालाही वर काहीतरी सांगायचं असतं. असा मेल तो जसाच्या तसा पुढे पाठवू शकतो. मुदत थोडी हुकल्याने फार कमी ग्राहक तुटतात. सोमवारी सकाळी दहा वाजता अचानक कळल्याने तुटतात. साहेबांना पटवताना तत्त्वं काढू नका, हे काढा.

त्याआधी साहेबांची खरी भीती कुठली ते ओळखा. या टप्प्याचं बिल अडकणार असेल. करारात उशिराचा दंड असेल. बहुतेकदा यातलं काहीच नसतं. त्यांनी मागच्या आठवड्यातच वरच्या मीटिंगमध्ये ‘सगळं वेळेवर आहे’ असं सांगून टाकलेलं असतं आणि आता ते निभवायला तुमची सही हवी असते. मग त्यांना त्या वाक्यावरून सन्मानाने उतरता येईल असा रस्ता द्या. ‘मागच्या आठवड्यात पेमेंटचे निकाल हातात नव्हते, काल सर्व्हर कमी पडतोय असं दिसलं’ हे वर सांगणं त्यांना जमण्यासारखं आहे, अर्थात ते खरंच तसं घडलं असेल तर. माणूस कोपऱ्यात सापडला की हट्टाला पेटतो. बाहेर पडायला दार दिसलं की तोच म्हणतो, ‘ठीक आहे, तुझा मेल पाठव.’

इथे एक जुनी पळवाट आडवी येते, तिच्याबद्दल जरा सविस्तर. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण सगळे जाणतो, पण त्या गोष्टीतला एक भाग सहसा दुर्लक्षित राहतो. धर्मराजाला ‘अश्वत्थामा गेला’ म्हणता यावं, म्हणून भीमाने आधी त्या नावाचा हत्ती मारून ठेवला होता. खोटं बोलायला तयार नसलेल्या माणसासाठी तांत्रिकदृष्ट्या खरं ठरेल असं वाक्य आधी व्यवस्थेने उभं केलं. ऑफिसात हे रोज चालतं. एक वापरकर्ता घेऊन पाच मिनिटं टेस्ट चालवायची आणि ‘पेमेंटचं लोड टेस्टिंग करण्यात आलं’ असं लिहायचं. यातला शब्दन् शब्द खरा आहे. ‘काम ९० टक्के पूर्ण’ हाही त्यातलाच प्रकार. कशाचे ९० टक्के, हे कुणी विचारत नाही, आणि उरलेल्या दहातच सगळी अवघड कामं असतात. ‘तुझ्याकडून खोटं लिहून घेत नाहीये ना?’ असं कुणी म्हणालं की समजा, कुठेतरी हत्ती मारला गेलाय. द्रोणांनी काय समजावं असा हेतू होता, तेवढंच विचारायचं. ग्राहकाच्या मनात चुकीचं चित्र उभं करण्यासाठीच वाक्य घडवलं असेल, तर त्यातले शब्द खरे असल्याचा काही उपयोग नाही.

‘फक्त या वेळेला’ याबद्दलही. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीत बेटी विन्सन नावाच्या मधल्या फळीतल्या हिशेबनीस होत्या. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला सांगण्यात आलं, की दुसऱ्या कंपन्यांच्या वाहिन्या वापरण्याच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतले ८२.८ कोटी डॉलर काढा आणि तिमाहीचा खर्च कमी दाखवा. दोघांनाही ते चुकीचं वाटलं. दोघांनी राजीनाम्याची पत्रं लिहिली. मग वित्तप्रमुखांनी त्यांना बसवून घेतलं, समजूत काढली, पुन्हा असं करावं लागणार नाही म्हणाले. पत्रं दिलीच गेली नाहीत. पुढच्या तिमाहीत आकडे पुन्हा कमी पडले, मग त्याच्या पुढच्याही. २००१ मध्ये चालू खर्च सरळ भांडवली खर्च म्हणून, म्हणजे त्याच वर्षी न धरता पुढच्या अनेक वर्षांत वाटून, दाखवायला सुरुवात झाली. २००२ मध्ये सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत ऑडिटच्या चमूने हे उघडकीला आणलं आणि कंपनी बुडाली. विन्सन यांनी गुन्हा कबूल केला, तपासाला मदत केली, तरी २००५ मध्ये त्यांना पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरात स्थानबद्धता भोगण्याची शिक्षा झाली. त्या लोभी नव्हत्या, घर त्यांच्या पगारावर चालत होतं. तुमच्यासारखंच.

पहिल्या खेपेनंतर काय होतं ते मी ऑडिटमध्ये फार जवळून पाहिलंय. ज्याने एकदा तारीख बदलली त्याला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण आता वरच्याकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही असतं. नकाराची किंमत पहिल्या दिवशी सर्वांत कमी असते.

‘साहेबांनी सांगितलं म्हणून केलं’ याला कोर्टात फारसं वजन नसतं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रदूषणाच्या चाचणीच्या वेळी वेगळं वागतील असं सॉफ्टवेअर बनवण्यात सहभागी असलेल्या जेम्स लिआंग या अभियंत्याला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांचा तुरुंगवास झाला. तो कंपनीचा मालक नव्हता, संचालकही नव्हता. २०१६ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेचं खोट्या खात्यांचं प्रकरण गाजलं, तेव्हा कळलं की आधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० जणांना त्यापायी काढून टाकलं होतं. त्यातले बहुतेक खालच्या पायऱ्यांवरचे होते. खात्यांचं अशक्य टार्गेट वरून आलं, नोकऱ्या खालच्यांच्या गेल्या.

आता समजा, प्रश्न विचारून झाला, मेल दाखवून झाला, तरी साहेब म्हणाले, ‘मला शिकवू नकोस, सांगितलंय ते लिही.’ मग एकच वाक्य, शांतपणे: ‘सर, हा रिपोर्ट असा माझ्या नावाने जाऊ शकणार नाही. जेवढं झालंय तेवढ्यावर मी आत्ता सही करतो.’ त्यापुढे स्पष्टीकरण देत बसू नका, एकेक कारण दिलं की एकेक खोडलं जातं. जागेवर येऊन दोन ओळींचा मेल करा: ‘आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे, पेमेंटचं लोड टेस्टिंग अजून बाकी असल्याने त्याचा उल्लेख रिपोर्टमध्ये “बाकी” असा ठेवला आहे. काही वेगळं अपेक्षित असल्यास लेखी कळवावं.’ आरोप नाही, विशेषण नाही. वेगळं काही लेखी कळवायला सहसा कुणी धजत नाही.

सही न करण्याने काय साधतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे ॲलन मॅकडोनल्ड. चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाला वर ढकलणारी रॉकेटं, म्हणजे बूस्टर, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे ते प्रक्षेपणस्थळावरचे वरिष्ठ प्रतिनिधी. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री कडाक्याच्या थंडीत बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी कड्या नीट काम करणार नाहीत असं कंपनीच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं. उड्डाणाला संमती देणाऱ्या कागदावर सही करायला मॅकडोनल्ड यांनी नकार दिला. कंपनीच्या मुख्यालयातून दुसऱ्या वरिष्ठाने सही करून फॅक्स पाठवला. दुसऱ्या दिवशी यान ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. चौकशी आयोगासमोर मॅकडोनल्ड यांनी जे घडलं ते सांगितलं, कंपनीने त्यांना बाजूला टाकलं, अमेरिकी काँग्रेसमधून दबाव आल्यावर परत घेतलं, आणि बूस्टरच्या नव्या रचनेचं काम त्यांच्याकडेच आलं.

हे उदाहरण मी दोन कारणांसाठी देतो. त्यांच्या नकाराने उड्डाण थांबलं नाही, आणि तुमच्याही नकाराने सोमवार कदाचित थांबणार नाही. साहेब दुसऱ्या कुणाकडून सही घेतील. तेवढं झालं की आपले हात स्वच्छ, असं मात्र सगळ्याच बाबतीत म्हणता येत नाही. पेमेंट अडकलं तर मनस्ताप होईल, पैसे परत करता येतील. तिथे तुमची जबाबदारी तुमच्या सहीपर्यंत आणि त्या दोन ओळींच्या मेलपर्यंत, असं मी मानतो. पण औषध, गाडीचा ब्रेक, इमारतीचा खांब, विजेचं यंत्र असं काही असेल तर ‘मी सही केली नाही’ एवढ्यावर थांबायला माझा विरोध आहे. तिथे साहेबांच्या वर जावंच लागतं. या दोहोंच्या मध्ये बरीच अंधुक जागा आहे, तिथे प्रत्येकाला आपली रेघ स्वतः ओढावी लागते.

वर जायचं तर एकट्याने जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ सोलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत साध्या रेघांची लांबी ओळखायची होती. खोलीतले बाकी सगळे, ते प्रयोगात सामील होते, ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि बरेच लोक डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या मागे जात. पण एका जरी माणसाने बरोबर उत्तर दिलं, तर इतरांमागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली येई. टेस्टिंग करणारा सहकारी, लीड, क्वालिटीतलं कुणीतरी, एकजण शोधा जो म्हणेल, ‘हो, पेमेंटचं झालेलं नाही.’ तुमच्या बाजूने भांडणारा माणूस नकोय, वस्तुस्थितीला दुजोरा देणारा हवाय. असा माणूस मिळणं सोपं असतं, कारण त्यालाही तो रिपोर्ट झोपू देत नसतो.

किंमत मोजावी लागेल का? लागू शकते. पुढचं चांगलं प्रोजेक्ट दुसऱ्याला जाईल, मूल्यमापनात ‘टीम प्लेयर नाही’ अशी ओळ येईल, काही मीटिंगांची बोलावणी बंद होतील. कधी उलटंही होतं: ज्याच्या आकड्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवता येतो असा माणूस म्हणून तुमचं नाव होतं, आणि अडचणीच्या वेळी तेच साहेब तुम्हालाच पुढे करतात. कुठलं होईल ते साहेबांवर आणि कंपनीवर अवलंबून, त्याची हमी देणाऱ्याचा सल्ला घेऊ नका. हप्ते चालू आहेत म्हणता तर काही महिन्यांचा खर्च बाजूला जमेल असं आजपासून बघा. ज्याच्या खात्यात तेवढे पैसे असतात त्याचं ‘नाही’ वेगळ्या आवाजात निघतं, आणि समोरच्याला तो आवाज बरोबर कळतो.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला कुणाला आवडत नाही. साहेबांशी वाकडं आलं की पहिल्यांदा तुमची फाइल उघडली जाते. टाइमशीटमध्ये न केलेले तास, प्रवासाची फुगवलेली बिलं, आजारपणाची रजा घेऊन केलेली सहल. ग्राहकाशी खरं बोलण्याचा आग्रह धरणारे आणि स्वतःच्या बिलांत हात सैल सोडणारे मी कमी पाहिलेले नाहीत. तुमच्या नोंदी स्वच्छ असतील तरच तुमचा आग्रह टिकेल. त्याच ओघात, रोखठोक म्हणवणाऱ्यांपासूनही सावध राहा. भर मीटिंगमध्ये, ग्राहकासमोर साहेबांना उघडं पाडणं यात प्रामाणिकपणाहून हौस जास्त असते. आधी बंद दाराआड, मग लेखी, मग वर, हा क्रम सोडू नका.

कंपनीबाहेर तक्रार करण्यापर्यंत वेळ आली तर त्याआधी वकिलाला भेटा, नंतर नव्हे. अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने, युरोपीय संघात २०१९ च्या निर्देशाने गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण दिलंय. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीसाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. पण संरक्षण कुणाला, कुठे तक्रार केल्यास, कुठल्या विषयात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. पुरावा म्हणून ग्राहकाचा डेटा घरच्या ईमेलवर पाठवू नका, तुमचं सगळं बरोबर असूनही त्यापायी तुम्हीच अडकाल. स्वतःच्या टिपणवहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या टिपणाला फारशी किंमत नसते.

आणि हे सगळं करूनही दर महिन्याला हीच वेळ येत असेल, तर तिथे साहेबांचा स्वभाव नसून कंपनीचा धंदाच त्यावर चाललेला असतो. मग दुसरी नोकरी शोधायला लागा, मात्र हातातली सोडून नव्हे. मुलाखतीत ‘आधीची का सोडताय?’ विचारतीलच. ‘कामाच्या नोंदी कशा ठेवाव्यात याबद्दल आमचं जमलं नाही’ एवढं पुरतं. खोदून विचारलं तर ‘त्या कंपनीतल्या आतल्या गोष्टी मी बाहेर सांगत नाही’ म्हणा. हेही खरंच आहे आणि ऐकणाऱ्याला ते आवडायला हवं. तुमच्याकडून एक प्रश्न जरूर विचारा: ‘काम मुदतीत होत नाही असं दिसलं, तर ग्राहकाला कोण सांगतं आणि केव्हा?’ कोण आणि केव्हा याचं नेमकं उत्तर आलं तर पुढे बोलणी करा. ‘आमच्याकडे तशी वेळच येत नाही’ असं उत्तर आलं, तर आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकून ठेवा.